सुई टोचण्याआधीची दोन मिनिटं



मागे बाळगुटीवर लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला: लस टोचताना बाळ इतकं कळवळून रडतं, त्याला आधी काही देता येतं का? एकीने तर विचारलं की तापाचं औषध आधीच पाजून नेलं तर चालेल का. तापाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका, आणि सुई टोचतानाच्या कळेवर त्याचा उपयोगही होत नाही. उत्तर त्याहून सोपं आहे. बाळाला अंगावर पाजायला घ्या, ते नीट चोखायला लागलं की मग सुई टोचू द्या, आणि नंतरही पाजत राहा.

एवढ्यावर लेख संपला असता. पण हे उत्तर डॉक्टरांच्या पुस्तकात कधी आणि कसं आलं हे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की त्याआधी एक वेगळीच गोष्ट सिद्ध करावी लागली होती. नवजात बाळाला दुखतं, ही.

हसू येतं ना? ज्या बाईने एकदा तरी बाळंतिणीच्या खाटेजवळ रात्र काढली आहे, तिला हे सिद्ध करायला कुणी सांगितलं तर ती म्हणेल, तुम्ही झोपा जरा. पण विसाव्या शतकाचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतले शिकलेले डॉक्टर असं मानत होते की तान्ह्या बाळाला दुखणं जाणवत नाही, आणि जाणवलं तरी लक्षात राहत नाही. म्हणून ते मोजायचं कारण नाही.

ही समजूत दुष्टपणातून आली नव्हती. तिच्यामागे शास्त्राचाच आधार होता, फक्त अर्धवट. एकोणिसाव्या शतकात पाऊल फ्लेक्सिग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की जन्मतः बाळाच्या मेंदूतल्या बऱ्याच मज्जातंतूंवर वेष्टण चढलेलं नसतं, ते हळूहळू चढतं. विजेच्या तारेवर जसं रबर, तसं हे वेष्टण. मग लोकांनी पुढचा तर्क केला: तारच पक्की नाही तर निरोप कसा पोचणार? 1941 मध्ये न्यूयॉर्कच्या मर्टल मॅकग्रॉ यांनी 75 बाळांना, जन्मापासून चार वर्षांपर्यंतच्या, टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदवल्या. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत काही बाळांनी फारशी हालचाल केली नाही. त्यावरून त्या वयात मेंदूचा वरचा भाग यात सामील नसावा, असा निष्कर्ष निघाला. पुढे कित्येक वर्षं तोच धरून ठेवला गेला. बाळ पाय झटकतं, रडतं, ते सगळं प्रतिक्षिप्त क्रियेसारखं, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तसं, असं म्हणायची सवय पडली.

या तर्कातली गफलत फार साधी होती. मोठ्या माणसाच्या अंगातसुद्धा दुखण्याचा निरोप नेणारे कितीतरी तंतू वेष्टणाशिवायचेच असतात. भाजल्यानंतर मागून येणारी ती ठसठस त्याच तंतूंमधून येते. वेष्टण नसलं तर निरोप सावकाश जातो एवढंच. आणि बाळाच्या इवल्याशा अंगात त्याला जायचं अंतर तरी किती!

दुसरं कारण भीतीचं होतं, आणि ते मला जास्त समजण्यासारखं वाटतं. भुलीचं औषध तेव्हा धोक्याचं होतं. किलो-दीड किलोच्या बाळाला ते जरा जास्त झालं तर श्वासच थांबायचा. मग शस्त्रक्रियेत बाळाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू आणि हातपाय हलू नयेत म्हणून स्नायू लुळे करणारं औषध, एवढ्यावरच भागवायची पद्धत पडली. विचार करा. हलता येत नाही, रडता येत नाही, कारण रडायलाही स्नायू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला बाळ शांत दिसतं.

1985 मध्ये अमेरिकेत जिल लॉसन नावाच्या बाईंचा मुलगा जेफ्री दिवस भरायच्या खूप आधी जन्मला. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी, ती उघडी राहिली होती. ती बांधायची शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी मूल गेलं. नंतर कागदपत्रं पाहताना आणि विचारपूस करताना आईला कळलं की त्या संपूर्ण शस्त्रक्रियेत त्याला वेदना कमी करणारं काहीही दिलेलं नव्हतं, फक्त लुळं करणारं औषध दिलं होतं. तिने विचारलं तेव्हा मिळालेल्या उत्तराचा सूर असा होता, की इतक्या लहान बाळांना दुखतं याचा पुरावा नाही. ती गप्प बसली नाही. तिने पत्रं लिहिली, ठिकठिकाणी लिहिली. 1986 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हे प्रकरण छापलं आणि घराघरातल्या आयांना पहिल्यांदा कळलं की असं चालतं.

योगायोग असा की नेमक्या याच शस्त्रक्रियेवर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एक तरुण डॉक्टर काम करत होता. कंवलजीतसिंग आनंद. शिक्षण आपल्या होळकरांच्या इंदूरचं, तिथल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातलं, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला. शस्त्रक्रियेहून परत आलेली बाळं इतकी खालावलेली का असतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी बाळाच्या चेहऱ्याकडे न पाहता रक्ताकडे पाहिलं. मुदतपूर्व बाळांचे दोन गट. दोघांनाही नेहमीची पद्धत, पण एका गटाला जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं आणि साखर कितीतरी जास्त चढली, आणि नंतरचे त्रासही त्यांनाच जास्त झाले. हे 1987 मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तोवरचा सगळा पुरावा एकत्र मांडला, आणि अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जाहीर केलं की केवळ वय लहान म्हणून भूल नाकारता येणार नाही. 1987! माझं लग्न झालं होतं त्या वर्षी. म्हणजे ही काही जुनी गोष्ट नव्हे.

वाचताना मला राहून राहून आचारांग सूत्र आठवत होतं. त्याच्या पहिल्याच अध्ययनात, शस्त्रपरिज्ञेत, पृथ्वीकायाच्या जीवाची वेदना समजावताना जन्मांध माणसाचा दाखला आहे. त्याला कोणी कापलं, भोसकलं, तर वेदना त्याला होतेच. आमच्या स्थानकात महासतीजी हे समजावताना मुका आणि बहिरा असंही जोडतात: त्याला सांगता येत नाही म्हणून ती होत नाही असं नाही. याचा अर्थ आपल्या आगमांत नवजात बाळाचं वेदनाशास्त्र होतं असा कृपा करून काढू नका, तसले निरोप फोनवर पुष्कळ फिरतात. तिथे विषय वेगळा आहे. पण पुरावा कुणी द्यायचा, हा प्रश्न तोच आहे. न बोलणाऱ्याला दुखत नाही हे गृहीत धरायचं, की दुखतं हे?

एकदा दुखतं हे मान्य झालं की मग दुसरी अडचण उभी राहिली. शस्त्रक्रियेसाठी भूल ठीक. पण टाचेतून रक्ताचा थेंब काढायचा, लस टोचायची, त्यासाठी फेंटानिल कोण देणार? आणि बाळाला सर्वांत जास्त वेळा टोचलं जातं ते याच बारीकसारीक गोष्टींसाठी. पॅरिस भागातल्या नवजात अतिदक्षता विभागांमध्ये 430 बाळांची नोंद ठेवली गेली. ती 2008 मध्ये छापून आली. एकेका बाळावर दिवसाला साधारण 16 वेळा काहीतरी दुखणारं किंवा ताण देणारं केलं जात होतं. दुखणाऱ्या गोष्टींपैकी जवळजवळ ऐंशी टक्के वेळा त्यासाठी खास काहीच दिलेलं नव्हतं. आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला.

औषधाशिवायच्या उपायांची खरी गरज इथे होती. त्यातला पहिला आला साखरेचा.

तसा तो जुनाच. ज्यू लोकांत आठव्या दिवशीच्या सुंतेच्या वेळी बाळाच्या ओठाला द्राक्षासवाचा थेंब लावायची रीत आहे. आपल्याकडे सोनार कान टोचायला आला की आजी बोट साखरेच्या पाण्यात बुडवून तयार असायची. आमच्या घरी तरी असायची. एलियट ब्लास या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच्या मुळाशी जायचं ठरवलं. आधी उंदरांच्या पिल्लांवर पाहिलं (हे वाचताना मन खट्टू झालं, पण झालं ते सांगायला हवं). गोड पाणी दिलेली पिल्लं उष्णता जास्त वेळ सहन करत, आणि अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखणारं औषध दिलं की साखरेचा गुणही जाई. म्हणजे साखर जिभेवर पडली की शरीर स्वतःचंच वेदनाशामक सोडत असावं. 1991 मध्ये ब्लास आणि हॉफमेयर यांनी माणसाच्या बाळांवर दाखवलं की टाच टोचण्याआधी साखरेचं पाणी दिलं तर रडणं जवळजवळ निम्म्यावर येतं.

यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची. हेच पाणी नळीने थेट पोटात सोडलं तर काही उपयोग होत नाही, जिभेवरच पडावं लागतं. गुण साखरेच्या पोटात जाण्याचा नाही, चवीचा आहे. म्हणूनच एक-दोन मिलिलिटर पुरतं, आणि ते सुईच्या साधारण दोन मिनिटं आधी द्यावं लागतं.

पण थांबा, लगेच वाटीत साखर घोळू नका. ही मात्रा रुग्णालयात, निर्जंतुक पाण्यातली, मोजून दिलेली असते. घरी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, हा नियम तसाच राहतो. आणि मध तर नाहीच. आपल्या घरी तो वर्ज्यच असतो, पण ज्यांच्याकडे चालतो त्यांनीही वर्षाच्या आत बाळाला चाटवू नये. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला बोट्युलिझम नावाचा लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

साखरेवरचा वादही मिटलेला नाही. 2010 मध्ये लंडनच्या रेबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी टाच टोचताना बाळांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. साखर दिलेल्या बाळांचे चेहरे कमी वाकडे झाले, पण मेंदूतली खळबळ तेवढीच दिसली. मग साखरेने दुखणं कमी होतं, की दाखवणंच कमी होतं? चेहरा वाचणं ही बाळाच्या दुखण्याची भाषा आहे, भुवया फुगणं, डोळे घट्ट मिटणं, नाकापासून ओठापर्यंतची घडी खोल होणं. ही भाषा कॅनडातल्या ग्रुनाव आणि क्रेग यांनी 1987 मध्येच व्यवस्थित मांडली होती. पण आधी हालचाल नाही म्हणून दुखत नाही असं म्हणून झालं होतं. आता चेहरा शांत म्हणून दुखत नाही असं म्हणायचं का? बहुतेक डॉक्टर आजही साखर वापरतात आणि माझ्या मते बरोबर करतात, पण हा प्रश्न विचारणारे आहेत हे मला बरं वाटतं.

आता दुधाकडे येते. 2003 मध्ये फ्रान्समध्ये रिकार्डो कार्बाहाल आणि सहकाऱ्यांनी पूर्ण दिवसांच्या 180 बाळांचे चार गट केले. शिरेतून रक्त काढायचं होतं. एका गटातली बाळं आईच्या अंगावर पीत होती. दुसऱ्या गटाला आईने नुसतं हातात धरलं होतं. तिसऱ्याला साधं पाणी, आणि चौथ्याला ग्लुकोजचं पाणी देऊन चोखणी. दुखणं शून्य ते दहा असं मोजलं. हातात धरलेल्यांचं दहा. साध्या पाण्याच्या गटाचंही दहा. ग्लुकोज आणि चोखणीचं तीन. अंगावर पिणाऱ्यांचं एक.

यातलं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. कपड्यांत गुंडाळलेलं बाळ नुसतं हातात घट्ट धरलं तर त्या मोजणीत फरक पडला नाही. आपण तेच करतो. उचलतो, छातीशी धरतो, “झालं झालं” म्हणतो. फरक पडतो तो दुधाने, किंवा कातडीला कातडी लागल्याने. बोस्टनमध्ये लॅरी ग्रे यांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या होत्या. 2000 मध्ये त्यांनी दाखवलं की बाळ आईच्या उघड्या छातीवर असताना टाच टोचली तर रडणं 82 टक्क्यांनी कमी होतं. दोन वर्षांनी अंगावर पिताना टोचून पाहिलं, तेव्हा ते 91 टक्क्यांनी कमी झालं.

उघड्या छातीवर बाळ ठेवायची पद्धत मात्र दुखण्यासाठी निघालेली नव्हती. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त, अशी स्थिती होती. एका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. त्यांनी आयांनाच सांगितलं, बाळ छातीशी बांधून ठेवा. गरिबीतून निघालेली तोड. आज आपल्याकडेही सरकारी दवाखान्यांत कांगारू मदर केअरचे फलक दिसतात ते त्याचेच. मग मॉन्ट्रियलच्या सेलेस्ट जॉन्स्टन यांनी 32 ते 36 आठवड्यांत जन्मलेल्या बाळांना टोचण्याआधी अर्धा तास असं ठेवून पाहिलं आणि त्यांनाही कमी दुखल्याचं दिसलं.

आणि ज्या बाळाला आईपर्यंत आणताच येत नाही, नळ्या लावलेल्या आहेत, त्याच्यासाठी? परिचारिकांनी शोधलेली एक रीत आहे, 1995 मध्ये कॉर्फ यांच्या अभ्यासाने ती पुढे आली. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने हातपाय पोटाशी दुमडून धरायचे, गर्भात होते तसे. बस, एवढंच. यंत्र नाही, पैसा नाही. बाळंतविडा उलगडून बाळाला दुपट्यात घट्ट बांधणाऱ्या आपल्या सुईणींना यात नवीन काही वाटलं नसतं. फक्त पाय ताणून सरळ बांधू नका, खुब्याच्या सांध्याला ते वाईट.

पण आजीबाईंचं सगळंच सोनं होतं असंही मला म्हणायचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी चारून झोपवत. त्यांचा इलाज नव्हता हे खरं, पण त्या गोळ्यांनी मुलं सुकत आणि मरत. पोट फुगलं म्हणून बाळाला तापल्या लोखंडाचे डाग देणारेही आपल्याच राज्यातले.

माझ्या नातीच्या वेळचं सांगते. पुण्यातल्या एका लहान रुग्णालयात बीसीजी आणि कावीळ-बची लस द्यायची होती. सिस्टर नेहमीप्रमाणे बाळ घेऊन शेजारच्या खोलीत निघाल्या, आईला बघवत नाही म्हणून. सूनबाई म्हणाली, “सिस्टर, इथेच द्या ना, मी पाजायला घेते.” त्या क्षणभर थबकल्या. म्हणाल्या, “दूध ठसक्यात जाईल.” कार्बाहालांच्या त्या 180 बाळांत असं काही घडलं नव्हतं, हे मला माहीत होतं, पण सासू मध्ये बोलली की बिघडतं, म्हणून गप्प बसले. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. नात चोखत होती. दंडात सुई गेली तेव्हा तिने चोखणं थांबवलं, भुवया वर केल्या, एक छोटा हुंदका, आणि पुन्हा चालू. मांडीच्या वेळी थोडी रडली. सिस्टर म्हणाल्या, “गुणी आहे हो बाळ.” सूनबाई माझ्याकडे बघून हसली.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणाच्या वेळी दुखणं कसं कमी करावं यावर पत्रक काढलं. बाळ आईच्या जवळ हवं, शक्य तर टोचताना किंवा जरा आधी अंगावर पाजावं, सुई आत गेल्यावर मागे ओढून रक्त येतं का बघू नये, आणि एकाच दिवशी दोन-तीन लसी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी. यातलं शेवटचं तर फुकट आहे, फक्त क्रम बदलायचा. काही रोटाव्हायरस लशींच्या थेंबांत साखर असते. ते सुईच्या आधी दिले तर तेवढीच मदत.

हे सारं इतक्या तळमळीने का, तर टोरांटोच्या ॲना टॅडिओ यांच्या 1997 च्या अभ्यासामुळे. नवजात असताना ज्या मुलग्यांची सुंता काही न लावता झाली होती, ते चार-सहा महिन्यांनी लस घेताना, वेदना कमी करणारं मलम लावलेल्या मुलग्यांपेक्षा जास्त रडले. बाळाला आठवत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरावं. शब्दांत आठवत नसेल, अंगाला आठवतं.

आता जाताना काय करायचं ते. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीला जाताना पुढून उघडणारा गाऊन किंवा कुर्ता घाला, वर मोठी ओढणी. बाळाची मांडी आणि दंड चटकन मोकळे होतील असं झबलं. निघायच्या अगदी आधी पोटभर पाजू नका, नाहीतर तिथे ते तोंडच लावणार नाही. नंबर यायच्या थोडं आधी पाजायला घ्या. दोन-तीन मिनिटांत ते नीट चोखायला आणि गिळायला लागेल, मग सुई. अंगणवाडीत गर्दी असते, नर्सबाईंच्या मागे पन्नास बाळं असतात, त्या चिडतील. तेव्हा नंबर येण्याआधीच गोड बोलून सांगून ठेवा, की ताई, आमचं बाळ पीत असताना टोचाल का. माझ्या पाहण्यातल्या तीन नर्सबाईंपैकी दोघी हो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, आधी बाकीच्यांचं होऊ दे, मग बघू. आम्ही थांबलो. शेवटी तीही हो म्हणाली.